मिनेसोटातला पिस्तूल परवाना: नूतनीकरणाचा क्लास नेमका कधी करायचा

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात पिस्तूल जवळ बाळगून घराबाहेर वावरायचं तर 'परमिट टू कॅरी' लागतं. हा परवाना काउंटीचा (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाचा) पोलीस प्रमुख, शेरीफ, देतो, तो पाच वर्षं चालतो, आणि नूतनीकरणाच्या वेळी प्रशिक्षणाचा क्लास पुन्हा करावा लागतो. पाच वर्षांपूर्वीचं सर्टिफिकेट चालत नाही. सैन्यात नोकरी केलेली असो की रेंजवर दर आठवड्याला नेम धरण्याचा सराव असो, क्लास चुकत नाही. गेल्या वर्षभरात मिनेसोटात पोलीस अधिकारी म्हणून नोकरी केलेल्यांना तेवढी सूट आहे.

नियम अवघड नाहीत. तरीही दरवर्षी लोक अडकतात, कारण ते कार्डावरची मुदत बघून क्लास ठरवतात. राज्याच्या कायद्याचं कलम ६२४.७१४ म्हणतं की प्रशिक्षण अर्जाच्या तारखेआधीच्या एका वर्षात झालेलं असावं. मोजणी अर्जाच्या दिवसापासून मागे होते. म्हणून आधी अर्ज कोणत्या दिवशी द्यायचा ते ठरवा, मग त्यावरून क्लास.

चार मुदती

पहिली मुदत क्लासची: अर्जाआधी एक वर्ष. दुसरी अर्जाची: परवाना संपण्याच्या ९० दिवसांहून आधी नूतनीकरणाचा अर्ज करता येत नाही. तिसरी शेरीफची: पूर्ण अर्ज हाती आल्यापासून ३० दिवसांत त्यानं मंजूर किंवा नामंजूर कळवायचं असतं. चौथी उशिराची: परवाना संपल्यावर ३० दिवसांच्या आत अर्ज केला तर १० डॉलर जादा भरून नूतनीकरणच होतं. त्यानंतर मात्र नवा अर्ज.

फी प्रत्येक काउंटी आपली ठरवते, पण कायद्यानं कमाल मर्यादा घातली आहे. नूतनीकरणाला ७५ डॉलर आणि नव्या अर्जाला १०० डॉलर, याच्या वर कोणताही शेरीफ जाऊ शकत नाही.

लवकर अर्ज केला तर जुन्या परवान्याचे उरलेले दिवस वाया जातील, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. नूतनीकरण झालेला परवाना जुना संपतो त्या तारखेपासून लागू होतो. ९० दिवसांची खिडकी, म्हणजे अर्ज करता येण्याचा काळ, उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी अर्ज दिला तरी पाच वर्षांतला एक दिवसही कमी होत नाही. त्यामुळे थांबून राहण्यात काहीच फायदा नाही.

एक उदाहरण, तारखांसकट

समजा तुमच्या कार्डावर १५ ऑक्टोबर २०२७ ही शेवटची तारीख आहे.

तिथून ९० दिवस मागे गेलं की १७ जुलै २०२७ येते. त्या दिवशी शनिवार आहे, म्हणजे अर्ज देण्याचा पहिला खरा दिवस सोमवार, १९ जुलै. शेरीफला ३० दिवस लागले असं धरलं तरी १८ ऑगस्टपर्यंत निर्णय यायला हवा. जुनं कार्ड तेव्हा आणखी जवळजवळ दोन महिने चालू असेल. काही राहिलं असेल तर ते दुरुस्त करायला हा वेळ पुरतो.

अर्ज पुढे ढकलत राहिलात तर? १५ सप्टेंबर ही आमच्या मते लक्ष्मणरेषा. त्यानंतर दिलेल्या अर्जाचा निर्णय १५ ऑक्टोबरच्या पुढे जाऊ शकतो. तसं झालं तर मधल्या दिवसांत तुमच्याकडे चालू परवाना नसेल.

उशिराची ३० दिवसांची मुदत १४ नोव्हेंबरला संपते. तो रविवार आहे. त्याआधीचा गुरुवार, ११ नोव्हेंबर, व्हेटरन्स डेची सरकारी सुट्टी. शेवटच्या आठवड्यावर विसंबलेल्या माणसाच्या हाती सोमवार ते बुधवार आणि शुक्रवार, असे चारच दिवस उरतात, आणि अपॉइंटमेंट लागणाऱ्या काउंटीत तेही मिळतीलच असं नाही. तुमच्या कार्डाच्या तारखा वेगळ्या असतील, पण कॅलेंडर समोर ठेवून ही मोजणी एकदा कागदावर करा. दहा मिनिटांचं काम आहे.

आता क्लास. अर्ज १९ जुलै २०२७ ला द्यायचा तर क्लास १९ जुलै २०२६ नंतरचा कोणताही चालेल. कायद्याच्या दृष्टीनं इतकी मोठी सूट आहे. व्यवहारात तिचं मागचं टोक धोक्याचं. १ ऑगस्ट २०२६ ला क्लास केलेला माणूस १९ जुलैला अर्ज देऊ शकतो. पण काही कारणानं तो ५ ऑगस्टला पोचला तर सर्टिफिकेट चार दिवसांनी शिळं झालेलं असतं आणि क्लासचे पैसे, दिवस, काडतुसं, सगळं पुन्हा. अर्ज अपुरा म्हणून परत आला तरी हाच प्रकार घडू शकतो, कारण दुसऱ्यांदा दिलेल्या अर्जाची तारीख वेगळी असते.

आमची शिफारस: परवाना संपण्याच्या साडेतीन ते पाच महिने आधी क्लास उरकावा. उदाहरणातल्या माणसासाठी हा काळ १५ मे ते जूनअखेर. क्लास होऊन गेलेला, सर्टिफिकेट तपासलेलं, आणि खिडकी उघडली की दोन-चार दिवसांत अर्ज. नेमबाजीची परीक्षा त्या दिवशी जमली नाही तर दुसरी संधी घ्यायला वेळ हातात असतो. अर्ज खिडकीच्या शेवटपर्यंत लांबला, अगदी उशिराच्या ३० दिवसांत गेला, तरीही सर्टिफिकेट वर्षाच्या आतलंच राहतं.

शिफारशीपेक्षा आधी क्लास केव्हा करावा

दोन प्रसंगी. एक, भारतात लांब मुक्काम असेल तेव्हा. अर्ज देण्यासाठी शेरीफच्या कार्यालयात स्वतः जावं लागतं. मुलगा किंवा बायको जाऊन तुमचा अर्ज देऊ शकत नाही. शाळांच्या सुट्टीत जून ते ऑगस्ट पुण्या-नाशकात काढणाऱ्या कुटुंबाला उदाहरणातली तारीख नेमकी आडवी येते. अशांनी एप्रिल-मेमध्ये क्लास करून सर्टिफिकेट फाइलला लावावं आणि परतल्यावर पहिल्या आठवड्यात अर्ज द्यावा. क्लासचं सर्टिफिकेट वर्षभर चालतं आणि अर्जाची खिडकी ९० दिवसांचीच आहे, या फरकाचा उपयोग इथं होतो.

दुसरा प्रसंग ज्यांचा परवाना हिवाळ्यात संपतो त्यांचा. मिनेसोटाचा जानेवारी काय असतो ते तिथं राहणाऱ्याला सांगायला नको. उघड्यावरच्या रेंजवर बोटं बधिर झालेली असताना मॅगझिन भरणं जिकिरीचं, बर्फाच्या वादळात क्लास रद्द होतात, आणि बंदिस्त रेंजवरच्या जागा लवकर भरतात. त्याआधीचा ऑक्टोबरही सोयीचा नाही, कारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम उघडतो आणि त्याआधी रायफलींची दुर्बीण जुळवून घेणाऱ्यांची रेंजवर गर्दी असते. जानेवारी-फेब्रुवारीत परवाना संपत असेल तर सप्टेंबरात क्लास करून मोकळं व्हावं.

कोणता क्लास चालतो

कायद्यानं तासांची संख्या सांगितलेली नाही. तीन गोष्टी झाल्याच पाहिजेत असं म्हटलं आहे: पिस्तूल वापरण्याच्या मूलभूत गोष्टी, प्रत्यक्ष गोळीबार करून दाखवण्याची परीक्षा, आणि पिस्तूल बाळगण्याचा व वापरण्याचा कायदा, त्यात स्वसंरक्षण आणि प्राणघातक बळावरची बंधनं आली. पहिल्या परवान्याचं प्रशिक्षण आणि नूतनीकरणाचं प्रशिक्षण असा भेद कायदा करत नाही. जाहिरातीत 'रिन्यूअल क्लास' म्हणून जो छोटा वर्ग असतो तो इन्स्ट्रक्टरनं अनुभवी लोकांसाठी आटोपशीर केलेला असतो. तिन्ही गोष्टी त्यात असल्या तर तो पूर्ण वैध आहे.

यातून एक इशारा निघतो. संपूर्ण ऑनलाइन क्लासचं सर्टिफिकेट मिनेसोटात चालत नाही, कारण गोळी झाडून दाखवण्याची अट पडद्यासमोर बसून पुरी होत नाही. व्याख्यानाचा भाग ऑनलाइन आणि परीक्षा रेंजवर, अशी विभागणी असेल तर ठीक. दुसऱ्या राज्याच्या परवान्यासाठी विकले जाणारे स्वस्त व्हिडिओ-कोर्स मात्र इथं निरुपयोगी.

इन्स्ट्रक्टर ज्या संस्थेकडून प्रमाणित आहे ती राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा विभागानं मान्य केलेली असावी लागते. नाव नोंदवण्याआधी इन्स्ट्रक्टरला संस्थेचं नाव विचारा आणि मान्य संस्थांच्या सरकारी यादीत ते शोधा. चांगला इन्स्ट्रक्टर हा प्रश्न विचारल्यावर नाराज होत नाही. आणखी तीन प्रश्न विचारा: परीक्षेला किती काडतुसं लागतील, परीक्षा नापास झाली तर पुन्हा संधी कशी मिळते, आणि सर्टिफिकेट त्याच दिवशी हातात मिळतं का.

पाच वर्षांत कायदा कुठं हलला

क्लासकडे निव्वळ औपचारिकता म्हणून बघणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. आमच्या मते नूतनीकरणाच्या क्लासची खरी किंमत नेमबाजीपेक्षा कायद्याच्या तासात आहे.

मिनेसोटात घराबाहेर स्वसंरक्षणाचा दावा करायचा तर चार कसोट्या शिकवल्या जातात. भांडण तुम्ही सुरू केलेलं किंवा वाढवलेलं नसावं. जीव जाण्याची किंवा गंभीर इजेची तातडीची भीती असावी आणि ती वाजवी असावी. माघार घेणं शक्य नसावं. आणि कमी बळानं भागण्यासारखं नसावं. स्वतःच्या घरात माघारीची अट नाही. ३१ जुलै २०२४ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं माघारीची ही अट आणखी पुढे नेली: माघार घेणं शक्य असताना स्वसंरक्षणासाठी हत्यार दाखवून धमकावणंही चालणार नाही. २०२२ साली क्लास केलेल्या माणसाला ही गोष्ट शिकवलेली असणं शक्यच नाही. 'गोळी तर झाडली नाही, नुसतं दाखवलं' हा बचाव तिथं मोठ्या अडचणीत नेतो.

१ ऑगस्ट २०२३ पासून प्रौढांना गांजा राज्याच्या कायद्यानं मोकळा झाला, पण केंद्राच्या कायद्यात तो अजून प्रतिबंधित आहे आणि तो वापरणाऱ्याला बंदूक बाळगता येत नाही. दुकानात रांग लावून रीतसर विकत घेतलेली वस्तू आपल्याला बंदुकीच्या हक्कातून बाद करू शकते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. त्याच तारखेपासून खासगी व्यवहारात पिस्तूल हस्तांतर करायलाही परवाना किंवा पार्श्वभूमीची तपासणी आवश्यक झाली. १ जानेवारी २०२४ पासून धोकादायक अवस्थेतल्या व्यक्तीची हत्यारं कोर्टाच्या आदेशानं काढून घेण्याची तरतूद लागू झाली. या प्रत्येक बाबतीत आपल्या घरात काय लागू होतं ते इन्स्ट्रक्टरला विचारून घ्या. मुलं असतील तर साठवणुकीचा प्रश्न आवर्जून विचारा. १८ वर्षांखालील मुलाच्या हाती लागेल अशा जागी भरलेली बंदूक निष्काळजीपणे ठेवणं हा मिनेसोटात गुन्हा आहे.

क्लासच्या दिवशी

पिस्तूल रिकामं, मॅगझिन काढलेलं, बंद कुलपी डब्यात. काडतुसं वेगळ्या पिशवीत. वर्गाच्या खोलीत काडतुसं आणू नका असंच बहुतेक इन्स्ट्रक्टर सांगतात. ती गाडीतच ठेवा आणि रेंजवर जाताना काढा. ५० गोळ्यांचा एक डबा साधारण पुरतो, तरी आकडा आधी विचारून ठेवलेला बरा. कारखान्यात भरलेली साधी सरावाची काडतुसं न्या. पोलादी गाभ्याची काडतुसं बंदिस्त रेंजवर चालत नाहीत, कारण ती गोळ्या अडवणारी मागची भिंत खराब करतात.

डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण हवंच. पिस्तुलाचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, आणि एवढ्या आवाजानं एका बारातही कानाला कायमची इजा होऊ शकते. बंदिस्त रेंजवर कानात फोमचे बोळे आणि वरून इअरमफ, असं दुहेरी संरक्षण ठेवा. गळ्याशी बंद असलेला शर्ट घाला. तापलेलं रिकामं पुंगळं शर्टात पडलं की माणूस दचकून हात झटकतो आणि पिस्तुलाची नळी भलतीकडे वळते. रेंजवरचे कित्येक धोक्याचे क्षण असेच घडतात.

पाच वर्षं ज्यांनी पिस्तूल कमरेला बाळगलं पण फारसं झाडलं नाही, त्यांनी आठवडाभर आधी ते उघडून पुसावं, जुनं चिकट झालेलं तेल काढून नवं हलकं तेल द्यावं. लाल ठिपक्याची दुर्बीण असेल तर बॅटरी बदला. रोज रात्री पिस्तूल रिकामं करून सकाळी तेच काडतूस पुन्हा चेंबरमध्ये भरायची सवय असेल तर ते काडतूस डब्यातल्या नव्या काडतुसाशेजारी उभं करून उंची बघा. वारंवार भरल्यानं गोळी पुंगळ्यात आत दाबली जाते, आतली जागा कमी होते आणि झाडताना दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो. आखूड दिसलं तर ते झाडू नका, बाजूला काढा. रेंजवर अशा काडतुसांची विल्हेवाट लावण्याची सोय असते.

परीक्षेत दोन प्रसंगांत घाई करू नका. चाप ओढला आणि काहीच झालं नाही, तर नळी निशाण्याकडेच ठेवून ३० सेकंद थांबा. काडतूस उशिरा पेटू शकतं. नेहमीच्या बाराऐवजी फुसका आवाज आला, तर लगेच थांबा आणि इन्स्ट्रक्टरला हाक मारा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. त्यावर दुसरी झाडली तर पिस्तूल हातात फुटतं.

रेंजवरून निघताना हात-तोंड थंड पाण्यानं साबण लावून धुवा आणि त्याआधी काही खाऊ नका. काडतुसांमधलं शिसं हातांवर आणि कपड्यांवर बसतं. घरी गेल्यावर कपडे वेगळे धुवायला टाका आणि मगच लहान मुलांना जवळ घ्या.

सर्टिफिकेट हातात आल्यावर

इन्स्ट्रक्टर समोर असतानाच वाचा. तुम्ही क्लासला हजर राहून तो पूर्ण केला असं त्यावर लिहिलेलं आणि इन्स्ट्रक्टरची सही असलेलं असलं पाहिजे. क्लासची तारीख नीट लिहिली आहे का बघा. सगळी मोजणी तिच्यावरच चालते. छापलेल्या कोऱ्या सर्टिफिकेटवर हातानं तारीख घालताना चुकीचं वर्ष पडणं सहज घडतं, विशेषतः जानेवारीत.

नावाचा घोळ मराठी लोकांत जास्त होतो. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधलं नाव म्हणून असतं, ड्रायव्हिंग लायसन्सवर त्याचं एकच अक्षर, आणि सर्टिफिकेटवर नुसतं हाक मारायचं नाव. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांच्या जुन्या परवान्यावर माहेरचं नाव असू शकतं. नियम साधा ठेवा: अर्जाला जे ओळखपत्र जोडणार, त्यावर जसं नाव आहे तसंच्या तसं सर्टिफिकेटवर हवं. नाव बदललं असेल तर बदलाचा कागद फाइलला जोडा.

मग मूळ सर्टिफिकेटचा फोटो काढा, दोन झेरॉक्स करा आणि कॅलेंडरात एक नोंद घाला: 'या तारखेच्या आत अर्ज'. वर्ष पुरं होण्याच्या एक महिना आधीची तारीख टाका.

अर्ज

तुम्ही सध्या राहता त्या काउंटीच्या शेरीफकडे जायचं. पाच वर्षांपूर्वी एका काउंटीत परवाना काढला आणि आता घर दुसऱ्या काउंटीत आहे, तर अर्ज नव्या काउंटीत. राज्य सोडून गेलेल्यांना मिनेसोटातल्या कोणत्याही शेरीफकडे अर्ज करता येतो. काही कार्यालयांत अपॉइंटमेंट लागते, आणि ती मिळायला वेळ लागू शकतो. खिडकी उघडण्याच्या दोन-तीन आठवडे आधीच चौकशी करा.

सोबत न्यायचं ते असं: पूर्ण भरलेला राज्याचा अर्ज, सर्टिफिकेटची प्रत, ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचं ओळखपत्र किंवा पासपोर्टचं फोटोचं पान यांपैकी एकाची प्रत, आणि फी. मूळ कागद आणि जुनं कार्डही सोबत असू द्या. अर्जाचा फॉर्म जुना वापरू नका, त्याच आठवड्यात नवा डाउनलोड करा.

परवाना अमेरिकी नागरिकाला किंवा ग्रीन कार्डधारकालाच मिळतो. मधल्या पाच वर्षांत तुम्ही नागरिक झाला असाल तर अर्जात नवी स्थिती लिहा आणि नागरिकत्वाचं प्रमाणपत्र सोबत न्या. जुन्या अर्जात ग्रीन कार्डाचा नंबर दिलेला असल्यानं तपासणीत विसंगती दिसू शकते. अजून ग्रीन कार्डावर असाल तर कार्डाची मुदत आधी बघा.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर कायदा अर्जदाराच्या बाजूनं उभा राहतो: तेवढ्या काळात नकार कळवला नाही, तर परवाना दिला असंच धरलं जातं आणि शेरीफनं तो तातडीनं हातात द्यायचा असतो. तरीही प्रत्यक्ष नवं कार्ड खिशात येईपर्यंत आणि जुनं संपलेलं असेल तर पिस्तूल बाळगू नका. रस्त्यात अडवणाऱ्या पोलिसाला दाखवायला कार्डच लागतं.

परवाना संपूनच गेला तर

सगळ्यात महाग गैरसमज इथला. संपल्यानंतरचे ३० दिवस फक्त फीच्या सवलतीसाठी आहेत. त्या दिवसांत पिस्तूल बाळगायची परवानगी नसते. संपलेल्या परवान्यावर बाहेर पिस्तूल बाळगणं हा परवान्याशिवाय बाळगण्याचाच गुन्हा, आणि मिनेसोटात पहिल्या खेपेलाही तो ग्रॉस मिसडिमीनर (किरकोळ गुन्ह्याच्या वरचा वर्ग) आहे. कार्डाची मुदत संपली त्या दिवसापासून पिस्तूल घरी, कुलपात.

शिवाय हाच परवाना मिनेसोटात पिस्तूल विकत घेण्याचा परवाना म्हणूनही चालतो. तो संपला की ती सोयही थांबते.

मग क्लासला पिस्तूल न्यायचं कसं? कायद्यात त्यासाठी वाट आहे. रिकामं पिस्तूल, बंद आणि अडकवलेल्या डब्यात, गाडीतून नेता येतं. डबा आधी लावा, मगच गाडीत ठेवा. काडतुसं वेगळी ठेवा. किंवा रेंजवरचं भाड्याचं पिस्तूल वापरायची सोय असलेला क्लास निवडा.

तीस दिवसही उलटले तर घाबरण्यासारखं काही नाही. नवा अर्ज, जास्तीत जास्त १०० डॉलर, बाकी कागद तेच. क्लासचं सर्टिफिकेट वर्षाच्या आतलं असेल तर तेच चालतं, क्लास पुन्हा करायची गरज नाही.

दुसऱ्या राज्यात राहत असाल तर

मिनेसोटाची मोजणी तिथं लावू नका. मिशिगनमध्ये अर्जाआधीच्या सहा महिन्यांत निदान तीन तासांची उजळणी आणि एक तास रेंजवरचा सराव केल्याचं तुम्ही स्वतः सहीनिशी लिहून द्यायचं असतं. इलिनॉयमध्ये पाच वर्षांनी तीन तासांचं प्रशिक्षण मान्य इन्स्ट्रक्टरकडे करावं लागतं. टेक्ससनं नूतनीकरणाची क्लासची अट २०१३ मध्येच काढून टाकली. तिथं कोणी 'रिन्यूअल क्लास सक्तीचा आहे' म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका.

पाहुण्यांना रेंजवर नेण्याआधी

एच-१बी, विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्या व्यक्तीला केंद्राच्या कायद्यानं बंदूक आणि काडतुसं बाळगता येत नाहीत. वैध शिकारीचा परवाना जवळ असणं अशा मोजक्या अपवादांतच ते चालतं. रेंजवर थोडा वेळ हातात घेणंही यात येतं. भारतातून भेटीला आलेल्या आई-वडिलांना किंवा भाच्याला 'एक बार मारून बघ' म्हणून सरावाला नेणं प्रेमापोटी होतं, पण त्यातून त्यांचा पुढचा व्हिसा आणि तुमचा परवाना दोन्ही अडचणीत येऊ शकतात. क्लासच्या दिवशीही त्यांना घरीच ठेवा.

आणि क्लासची पिशवी. रेंजला नेलेली पाठपिशवी महिन्याभरानं तीच मुंबईच्या विमानाला नेली जाते आणि अस्तराच्या कप्प्यात एक काडतूस राहिलेलं असतं. अमेरिकेच्या विमानतळावर त्यासाठी दंड होऊ शकतो. भारतात परवान्याशिवाय एक जिवंत काडतूस सापडणंही शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्ह्याची नोंद व्हायला पुरतं, मग ते विसरून राहिलं होतं हे पटवण्यात सुट्टी संपते. रेंजसाठी एक वेगळी पिशवी ठरवा, तिच्यावर ठळक पट्टी चिकटवा, आणि ती प्रवासाच्या सामानाच्या कपाटात कधीही ठेवू नका. क्लासहून आलात की प्रत्येक कप्पा उलटा करून झटका, जॅकेटचे खिसेही.

नवं कार्ड आलं की नाव, पत्ता आणि मुदतीची तारीख तपासा. पुढे घर बदललं किंवा कार्ड हरवलं तर ३० दिवसांच्या आत शेरीफला कळवायचं असतं. बदली कार्डाला १० डॉलर लागतात. नव्या मुदतीच्या पाच महिने आधीची तारीख आजच फोनच्या कॅलेंडरात टाका आणि तिच्याखाली 'क्लास' एवढा एक शब्द लिहा.